‘एअरलाइन’ आणि स्वस्त विमानकंपन्यांवरच्या मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळावरच्या काउंटरांवर प्रवासी आणि कर्मचारी यांच्यात काय घडतं ते दाखवणाऱ्या या टीव्ही मालिका. त्यांच्या जुन्या भागांतले तुकडे आजही यूट्यूबवर फिरतात आणि मराठी प्रेक्षक ते आवडीने बघतात. मी काही काळ विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते. त्यामुळे ‘हे असं का?’ हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ही मालिका नेमकी कोणती? एकाच नावाच्या दोन-तीन दिसतात.

तीन वेगळ्या मालिका आहेत. पहिली ब्रिटनची ‘एअरलाइन’. ती आयटीव्ही वाहिनीवर १९९८ ते २००७ या काळात चालली आणि तिचा मुख्य विषय ईझीजेट ही नारिंगी रंगाची कंपनी. दुसरी अमेरिकेतली, नाव तेच, पण ए अँड ई वाहिनीची. ती २००४ आणि २००५ मध्ये दाखवली गेली आणि साउथवेस्ट एअरलाइन्सवर होती. तिसरी ऑस्ट्रेलियातली ‘एअर वेज’. सेव्हन नेटवर्कवर २००९ पासून आलेल्या या मालिकेत टायगर एअरवेज ऑस्ट्रेलियाचं कामकाज दिसतं. एखाद्या क्लिपमध्ये कुठली मालिका आहे ते गणवेशावरून आणि प्रवाशांच्या बोलण्यावरून चटकन ओळखता येतं.

२. ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या भागांत नारिंगी विमानं दिसतच नाहीत. ती वेगळी मालिका आहे का?

मालिका तीच. १९९८ च्या पहिल्या मोसमात ब्रिटानिया एअरवेज ही चार्टर कंपनी होती. सुट्टीच्या पॅकेजमधल्या प्रवाशांना स्पेन-ग्रीसला नेणारी. १९९९ पासून कॅमेरे ईझीजेटकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. दोन्ही कंपन्यांचा मुक्काम लंडनजवळच्या लूटन विमानतळावर होता. माझ्या मते मालिकेला खरा सूर ईझीजेटच्या भागांतच सापडला. चार्टरच्या प्रवाशाची काळजी पॅकेज देणारी कंपनी वाहते. ईझीजेटच्या प्रवाशाने तिकीट स्वतः काढलेलं असतं, अटीही स्वतःच मान्य केलेल्या असतात. काउंटरवर त्याला त्या अटी भेटतात तेव्हा नाट्य घडतं.

३. हे सगळं खरं असतं की लिहून घेतलेलं?

प्रवासी खरे, कर्मचारी खरे, उशीरही खरा. संकलन मात्र असतं. चार तास चाललेला प्रसंग चार मिनिटांत येतो, तेव्हा मधली समजूत, पाण्याची बाटली, तीनदा केलेले फोन हे सगळं गळतं आणि आवाज चढलेला क्षण उरतो. वर निवेदकाचा आवाज असतो. ब्रिटिश मालिकेला बरीच वर्षं टोनी रॉबिन्सन या अभिनेत्याने निवेदन दिलं. त्याच्या खेळकर सुरामुळे रडकुंडीला आलेला प्रवासीही गमतीदार वाटू लागतो, आणि हे मला कधीच पटलेलं नाही. ज्याची बहिणीच्या लग्नाची फ्लाइट सुटली, त्याच्यासाठी तो दिवस गमतीचा नसतो.

४. तिकीट इतकं स्वस्त विकणं परवडतं कसं?

मालिकेतलं जवळजवळ प्रत्येक भांडण या प्रश्नाशी येऊन मिळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

स्टेलिओस हाजी-इओआनू यांनी ईझीजेट १९९५ मध्ये सुरू केली. पहिली उड्डाणं नोव्हेंबरात, लूटनहून ग्लासगो आणि एडिनबरासाठी. एका बाजूचं भाडं २९ पौंड. ट्रॅव्हल एजंट नाही, म्हणजे कमिशन नाही. बुकिंगचा फोन नंबर थेट विमानाच्या अंगावर रंगवलेला. फुकट जेवण नाही. जमेल तिथे शहराजवळच्या महागड्या विमानतळाऐवजी थोडा लांबचा, कमी शुल्काचा विमानतळ. अनेक वर्षं सीट क्रमांकही नव्हते, जो आधी चढेल तो खिडकी पकडेल. ठरवून दिलेल्या सीटा २०१२ मध्ये आल्या.

या रचनेचं मूळ अमेरिकेत आहे. साउथवेस्टची विमानं १९७१ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये उडू लागली. सगळी बोइंग ७३७, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण एकच, सुटे भाग एकाच प्रकारचे, दुरुस्ती करणारे हात सरावलेले. आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवणं. उभं असलेलं विमान कमावत नाही. उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळेला ‘टर्नअराउंड’ म्हणतात. स्वस्त कंपन्यांनी तो वीस-पंचवीस मिनिटांवर आणला आणि त्यातून दिवसाला एखादी जास्त फेरी काढली. प्रवाशाला मिळालेली सूट त्या मिनिटांतून आलेली असते. आता प्र. ६ वाचा.

५. स्वतःची भांडणं टीव्हीवर दाखवायला कंपनीने परवानगी का दिली?

प्रसिद्धीसाठी, हे उघड आहे. लोकांच्या घरात दर आठवड्याला अर्धा तास नारिंगी रंग दिसणं हे कुठल्याही जाहिरातीला जड जावं असं माध्यम होतं. स्टेलिओस यांचा स्वभावही तसाच. १९९८ मध्ये ब्रिटिश एअरवेजने ‘गो’ नावाची स्वस्त कंपनी काढली, तेव्हा तिच्या पहिल्या उड्डाणात हे गृहस्थ आपल्या माणसांसह नारिंगी कपडे घालून जाऊन बसले. पुढे २००२ मध्ये ईझीजेटने ‘गो’ विकतच घेतली. मालिकेतही ते स्वतःच्या विमानांत प्रवाशांशी गप्पा मारताना दिसतात. ‘आमचे नियम कडक आहेत आणि ते सगळ्यांना सारखे आहेत’ हे एकदा टीव्हीवरून घरोघरी पोचलं की काउंटरवर समजावण्याचं काम हलकं होतं, असाही हिशोब त्यात असणार.

६. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून माणसाला परत पाठवतात. विमान तर समोर उभं असतं! हा आडमुठेपणा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ईझीजेटच्या त्या काळच्या नियमानुसार विमान सुटण्याआधी ३० मिनिटं चेक-इन बंद होई. टायगरचा नियम ४५ मिनिटांचा. भारतात देशांतर्गत प्रवासाला बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी काउंटर बंद करतात.

काउंटर बंद झाल्यावर आतलं काम सुरू होतं. किती माणसं, किती मुलं, किती बॅगा, वजन पुढे किती आणि मागे किती, हे सगळं मांडून लोडशीट तयार होते आणि ती वैमानिकाकडे जाते. त्यावर उड्डाणाची गणितं बसतात. तोवर बॅगा एक्स-रेतून जाऊन ट्रॉलीवर चढत असतात. एक नवा प्रवासी, एक नवी बॅग म्हणजे हे सगळं पुन्हा उघडणं. विमान ‘समोर उभं’ दिसतं तेव्हा जमिनीवरच्या माणसांसाठी ते जवळजवळ निघालेलं असतं.

बॅगेचा मुद्दा आणखी गंभीर आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात आयर्लंडजवळ स्फोट झाला आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेल्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि बॅग यांची जोडी जुळवण्याचा नियम जगभर घट्ट झाला. प्रवासी गेटवर आला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवावी लागते. गेटवर नावाचा पुकारा होत असताना खाली कुणीतरी पोटमाळ्यासारख्या होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत) वाकून टॅग वाचत असतं. एका माणसाच्या दोन मिनिटांची किंमत तिथे मोजली जाते.

मग काउंटरवरच्या मुलीचं काहीच चुकत नाही का? नियम पाळण्यात नाही. पण ‘नियम म्हणजे नियम’ एवढंच म्हणून मान वळवणं चूक आहे, आणि मालिकेत तेही दिसतं. पुढची फ्लाइट कधी, फरक किती भरावा लागेल, हे त्याच वाक्यात सांगता येतं. मालिकेतले चांगले कर्मचारी तेच करतात. त्यांच्यासमोरचा प्रवासी रागावतो, तरी त्याला पुढचा रस्ता कळलेला असतो.

७. फ्लाइटच दोन तास उशिरा असेल तर काउंटरही उशिरा बंद व्हायला हवं ना?

ही समजूत घातक आहे. काउंटरची वेळ मूळ वेळापत्रकावर ठरते, कंपनीने स्वतः वेळ बदलून कळवली नसेल तर. युरोपात गर्दीच्या आकाशात विमानांना उड्डाणाची वेळ ब्रसेल्सहून वाटून दिली जाते, तिला ‘स्लॉट’ म्हणतात. दोन तासांचा उशीर अचानक चाळीस मिनिटांवर येऊ शकतो. मालिकेत ‘उशीर आहे’ म्हणून खाणंपिणं करत बसलेले प्रवासी गेटवर पोचेपर्यंत दार बंद झालेलं असतं. उशिराचा मेसेज आला तरी मूळ वेळेवर पोचा, बॅग द्या, मग निवांत बसा.

८. फ्लाइट चुकली तर पैसे परत मिळतात का?

भाडं सहसा नाही. ईझीजेट ठरावीक शुल्क घेऊन पुढच्या फ्लाइटवर जागा देते, पण ती शिल्लक असेल तरच. मात्र प्रवास झालाच नाही तर त्यावरचा सरकारी कर परत मागता येतो. भारतातही ‘नो-शो’ झाल्यावर वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत करणं कंपनीला बंधनकारक आहे. फार कमी लोक मागतात. मागा, तुमचेच पैसे आहेत.

९. सकाळी धुकं होतं, ते दहा वाजता गेलं. मग रात्रीची फ्लाइट का उशिरा?

कारण ते तेच विमान असतं. लूटनहून निघालेलं विमान ग्लासगोला जाऊन येतं, मग नीसला, मग पुन्हा दुसरीकडे. टर्नअराउंड पंचवीस मिनिटांचा असल्यामुळे (प्र. ४) सकाळचा उशीर भरून काढायला मधे फटच नसते. म्हणून शक्य असेल तर सकाळची पहिली फ्लाइट घ्या; तिचं विमान बहुधा रात्रीच तिथे येऊन थांबलेलं असतं.

१०. ‘क्रूचे तास संपले’ म्हणून फ्लाइट रद्द करतात. हे खरं कारण की निमित्त?

खरं कारण. वैमानिक आणि केबिन क्रू सलग किती तास कामावर राहू शकतात याला कायद्याची मर्यादा आहे. उशीर वाढत गेला की ती मर्यादा ओलांडली जाते आणि कप्तानाची इच्छा असली तरी तो उडू शकत नाही. लूटनसारख्या तळावर राखीव क्रू मिळतो. एखाद्या छोट्या परदेशी विमानतळावर मिळत नाही, आणि मग मालिकेत दिसतात तशी माणसं बॅगांवर डोकं ठेवून झोपतात.

आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले होते आणि त्यांना पुरेल एवढी तयारी झालेली नव्हती. प्रवाशांचे अतोनात हाल झाले, लोकांचा राग रास्त होता. पण राग विश्रांतीच्या नियमावर काढू नये. थकलेल्या वैमानिकाच्या हातात विमान देणं हा पर्याय नाहीच.

११. युरोपात उशिरासाठी ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते असं ऐकलं. मग मालिकेतल्या लोकांना नुसतं खाण्याचं कूपन का?

कारण मालिकेचा काळ. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला, म्हणजे बहुतेक भाग त्याआधी चित्रित झालेले. नियम आल्यावरही सुरुवातीला रोख भरपाई रद्द झालेल्या फ्लाइटला आणि जागा नाकारलेल्यांना होती. तीन तास किंवा जास्त उशिराने पोचणाऱ्यांनाही ती मिळावी, हा निकाल युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये दिला. तेव्हा ब्रिटिश मालिका संपून दोन वर्षं झाली होती.

आज अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. ब्रिटनचे वेगळे आकडे २२०, ३५० आणि ५२० पौंड. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर रोख रक्कम नाही, पण जेवण आणि हॉटेल द्यावंच लागतं. लंडनला शिकणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

१२. भारतात काय मिळतं?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम आहेत. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. ठरावीक उशिरानंतर खाणंपिणं, आणि उशीर सहा तासांवर जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा यांतला पर्याय. वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली तर प्रवासाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम. इथेही कंपनीच्या हाताबाहेरची कारणं वगळलेली आहेत. जागा नाकारली गेली तर वेगळे आकडे आहेत, ते पुढच्या उत्तरात.

१३. कन्फर्म तिकीट असून ‘सीट नाही’ कसं म्हणू शकतात?

काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळे आले की पंचाईत. अमेरिकी मालिकेत गेटवर ‘कोणी स्वखुशीने मागे राहील का?’ अशी घोषणा ऐकू येते, कारण तिथल्या नियमानुसार आधी स्वयंसेवक विचारावे लागतात. साउथवेस्टने २०१७ मध्ये जास्त तिकिटं विकणं बंद केलं.

भारतातही आधी स्वयंसेवकच शोधायचे असतात. तुमच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवलं आणि मूळ वेळेनंतर तासाभरात निघणारी दुसरी फ्लाइट दिली तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतली दिली तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराची दिली तर चौपट, कमाल २०,०००. काउंटर बंद झाल्यावर पोचलेल्याला मात्र यातलं काहीच लागू नाही.

१४. साउथवेस्टच्या भागांत लठ्ठ प्रवाशांना दुसरं तिकीट घ्यायला लावतात. हे कायदेशीर आहे?

त्या कंपनीचं धोरणच तसं होतं: खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मधल्या जागेत बसता येत नसेल तर दोन सीटा घ्या, विमान पूर्ण भरलं नाही तर दुसऱ्या सीटचे पैसे परत मागा. तेव्हा साउथवेस्टमध्ये सीट क्रमांक नव्हते (ते जानेवारी २०२६ पासून आले), त्यामुळे हा निर्णय ऐनवेळी काउंटरवर किंवा गेटवर, चारचौघांत होई. शेजारच्या प्रवाशालाही त्याची जागा हवी, हे मान्य. पण तो क्षण कॅमेऱ्यासमोर घडवणं मला क्रूर वाटतं. तीनही मालिकांतले मला न बघवणारे प्रसंग हेच.

१५. आमची आधीची फ्लाइट उशिरा आली, मग पुढची कंपनी जबाबदार नाही का?

दोन तिकिटं वेगळी काढली असतील तर नाही. मालिकेच्या काळात ईझीजेट फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, एवढाच प्रवास विकत असे. समजा मुंबईहून तुम्ही हीथ्रोला उतरलात आणि पुढचं स्वस्त तिकीट लूटनहून आहे. ते दोन वेगळे विमानतळ. मधे इमिग्रेशन, बॅगेची वाट आणि लंडनची वाहतूक. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘आला नाहीत’. अशा जोडप्रवासात मधे एक रात्र ठेवणं शहाणपणाचं.

१६. माणसं चुकीच्या विमानतळावर जातात हे मालिकेत खरंच घडतं?

घडतं. लंडनच्या नावाने लूटन, स्टॅनस्टेड, गॅटविक, हीथ्रो इतके विमानतळ विकले जातात. आपल्याकडेही ही वेळ आली आहे. गोव्यात दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. मडगावच्या नातेवाइकांकडे जायचं आणि तिकीट मोप्याचं, म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा पार करायचा. मुंबईकरांसाठी डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही आली. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

१७. तिकिटावरच्या नावात फरक असेल तर खरंच अडवतात?

परदेशी प्रवासात, हो. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी ब्रिटनमध्ये आणला तर कंपनीला माणशी २,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे काउंटरवर सूट नसते. मराठी नावांची अडचण ठरलेली आहे. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तिकिटावर फक्त नाव-आडनाव. किंवा लग्नानंतर आडनाव बदललं, पासपोर्ट माहेरचा. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यातलंच लिहा. चूक दिसली तर त्याच दिवशी कंपनीला कळवा.

१८. ‘एअर वेज’मधली टायगर कंपनी आता का दिसत नाही?

जुलै २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या विमान सुरक्षा प्राधिकरणाने सुरक्षेच्या कारणावरून तिची सगळी देशांतर्गत उड्डाणं थांबवली. ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुढे व्हर्जिन ऑस्ट्रेलियाने ती ताब्यात घेतली आणि २०२० मध्ये, कोविडच्या काळात, हे नाव बंद झालं. स्वस्त भाडं काउंटरवरच्या सोयी कापून द्यावं, सुरक्षेला हात लावून नाही. हा फरक टायगरच्या प्रकरणात लख्ख दिसतो.

१९. काउंटरवर वाद झाला तर आपण व्हिडिओ काढू शकतो का?

जपून. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि दाबोळीला नौदलाचा ‘आयएनएस हंसा’. अशा ठिकाणी विमानाच्या खिडकीतून तळाचे फोटो काढायलाही मनाई आहे. इतर ठिकाणीही सुरक्षा तपासणीचं चित्रण करू नका. पुरावा हवा असेल तर बोर्डिंग पास, मेसेज आणि पावत्या जपून ठेवा. तक्रारीत त्यांचाच उपयोग होतो.

२०. फ्लाइट चुकलीच, तर काउंटरवर नेमकं काय बोलावं?

‘मला आत सोडा’ हे सोडून बाकी सगळं. बंद झालेली फ्लाइट उघडणं समोरच्या व्यक्तीच्या हातात नसतं. तिच्या हातात पुढच्या फ्लाइटवर जागा शोधणं असतं, म्हणून तेच आधी विचारा. मग फरकाची रक्कम, बॅग आधीच दिली असेल तर ती कुठे मिळेल, आणि कर परत मागायचा अर्ज कुठे करायचा (प्र. ८). सोबत लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. रांगेत उभं असतानाच फोनवर कंपनीचं अॅपही उघडून ठेवा, कारण पुढच्या फ्लाइटची शेवटची सीट काउंटरपर्यंत पोचेपर्यंत विकली गेलेली असू शकते.